इंजिन ड्रायव्हरचं अर्थखातं

बेन चिफलीचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं: रेल्वेचं इंजिन चालवणारा माणूस ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. वाक्य खोटं नाही. पण ते एकदा म्हटलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं आणि पुढचं कुणी विचारत नाही. गरिबीतून वर आलेल्या पुढाऱ्यांच्या गोष्टी कुठल्याही देशात पोत्यानं सापडतात. चिफलीच्या बाबतीत गरिबीपेक्षा इंजिन महत्त्वाचं आहे, आणि इंजिनापेक्षाही १९१७ साली त्याला झालेली शिक्षा. देशाची तिजोरी हाती आल्यावर त्यानं जे उभं केलं आणि जिथे तो तोंडावर आपटला, त्या दोन्हींची मुळं तिथे सापडतात.

सिडनीहून पश्चिमेला निघून ब्लू माउंटन्स ओलांडले की साधारण दोनशे किलोमीटरवर बाथर्स्ट लागतं. तिथे २२ सप्टेंबर १८८५ ला त्याचा जन्म झाला. वडील लोहार, घराणं आयरिश कॅथलिक. पाच वर्षांचा असताना त्याला लाइमकिल्न्सला आजोबांच्या शेतावर धाडलं, ते तो तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत. राहायला कुडाची झोपडी, निजायला भुशाच्या पोत्यांचं अंथरूण, शाळा जमेल तेव्हा. त्याच काळात, १८९३ मध्ये, पूर्वेकडच्या वसाहतींत बँकांनी एकामागून एक दारं लावली आणि सामान्य माणसांच्या ठेवी आत अडकल्या. बँकांवरचा त्याचा राग पुस्तकं वाचून आलेला नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

आजोबा वारल्यावर तो बाथर्स्टला परतला, थोडं शिकला, एका दुकानात आणि मग चामड्याच्या कारखान्यात राबला. सप्टेंबर १९०३ मध्ये तो रेल्वेच्या लोको शेडमध्ये पोऱ्या म्हणून लागला. तिथली शिडी ठरलेली होती: पोऱ्या, मग क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर. कुणालाही मधली पायरी गाळता येत नसे, आणि त्याला कारण होतं. क्लीनर काजळी आणि तेल पुसता पुसता इंजिनाचा प्रत्येक सांधा हातानं ओळखायला शिकतो. फायरमनचं काम लांबून फावड्यानं कोळसा ढकलण्याचं वाटतं. प्रत्यक्षात कोळसा थोडा थोडा आणि वारंवार टाकायचा, भट्टीच्या कडांना आणि मागच्या कोपऱ्यांत जास्त, मध्ये पातळ. एकदम ढीग टाकला तर काळा धूर निघतो आणि वाफ पडते. आगीच्या थरात भोक पडलं तर थंड हवा आत घुसते आणि बॉयलरच्या नळ्या गळायला लागतात. चढ दिसण्याआधीच पाणी आणि वाफ जमवून ठेवावी लागते. चढावर पोचल्यावर धावपळ करून काही होत नाही. आणि सगळा वेळ एक डोळा पाण्याच्या काचेवर. भट्टीच्या छतावरचं पाणी उतरलं तर शिशाची गुडदी वितळते, वाफ सरळ आगीत घुसते आणि गाडी उभी राहते. हा फायरमनसाठी मोठाच कलंक.

या शिडीवर तो झपाट्यानं चढला. १९१४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ड्रायव्हर झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये एलिझाबेथ मकेन्झीशी लग्न केलं. ती प्रेस्बिटेरियन, तो कॅथलिक. लग्न सिडनीतल्या ग्लीब इथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये झालं. कॅथलिक धर्मगुरूंना हे रुचणार नव्हतंच, आणि त्या काळी बाथर्स्टसारख्या गावात ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर तो मिसाला जाई, पण चर्चच्या मागच्या बाजूला बसे, असं सांगतात.

मग आलं १९१७. न्यू साउथ वेल्स रेल्वेनं वर्कशॉपमध्ये कार्ड पद्धत आणली. कामगारानं कुठलं काम कधी घेतलं आणि कधी संपवलं याची नोंद मुकादमाच्या हाताखालचा माणूस कार्डावर करणार, आणि कामगाराला आपलंच कार्ड बघता येणार नाही. ऑगस्टच्या २ तारखेला सिडनीतल्या रँडविक आणि एव्हली इथल्या वर्कशॉपमधले कामगार बाहेर पडले. बघता बघता इंजिनवाले, गोदीवाले, खाणकामगार मिळून लाखाच्या घरात माणसं संपावर गेली. सहाएक आठवड्यांनी पुढाऱ्यांनी संप मागे घेतला, हातात काही न पडता. कामावर परत कुणाला, कुठल्या हुद्द्यावर घ्यायचं हे रेल्वेनं ठरवायचं होतं, आणि रेल्वेनं ते सूड उगवल्यासारखं ठरवलं. संपात न गेलेल्यांना ‘निष्ठावान’ म्हणून वर चढवलं. चिफली बडतर्फ झाला. मग परत घेतला गेला तो खालच्या हुद्द्यावर, सेवाज्येष्ठता गमावून. ज्यांना त्यानं काम शिकवलं होतं, ती पोरं आता यादीत त्याच्या वर होती. ही ज्येष्ठता परत मिळायला १९२५ उजाडलं. ती मिळवून दिली राज्यातल्या जॅक लँगच्या मजूर पक्षाच्या सरकारनं. पुढे याच लँगशी चिफलीनं हाडवैर धरलं, हा राजकारणातला नेहमीचा विनोद.

त्या संपातून त्यानं दोन धडे घेतले. मालकाचा खुनशीपणा माणसाला वर्षानुवर्षं कडू करून सोडतो, हा एक. दुसरा धडा त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत: पुरती तयारी नसताना, भावनेच्या भरात सुरू झालेला संप शेवटी कामगाराचाच गळा कापतो. त्यामुळे पुढची वर्षं त्यानं सभांपेक्षा लवाद न्यायालयात जास्त घालवली. १९२० मध्ये इंजिनवाल्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तिच्या बाजूनं तो न्यायालयात पगार आणि कामाचे तास यांचे आकडे मांडत बसे. संध्याकाळच्या वर्गांत अर्थशास्त्र शिके. उघड्यावर भाषणं करून करून त्याचा घसा कायमचा खरखरीत झाला होता. त्याला वक्ता म्हणणं कठीण, पण ताळेबंद वाचावा तर त्यानंच.

१९२८ मध्ये मॅक्वॉरी मतदारसंघातून तो मजूर पक्षातर्फे संघीय, म्हणजे देशाच्या, संसदेत गेला. पुढच्या वर्षी स्कलिनचं मजूर सरकार आलं आणि लगेच जागतिक मंदी आली. लंडनच्या कर्जाचं व्याज भागवायचं म्हणून १९३१ मध्ये सरकारी खर्चात, पगार आणि पेन्शनसकट, २० टक्के कपात ठरली. चिफली तेव्हा संरक्षणमंत्री होता. त्यानं मन मारून कपातीच्या बाजूनं मत दिलं आणि डिसेंबरात स्वतःची जागा गमावली. पुढची नऊ वर्षं तो संसदेबाहेर. याच काळात बँकिंगवरच्या शाही आयोगात, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी मंडळात, तो मजूर पक्षाचा माणूस म्हणून बसला. १९३७ च्या अहवालाला त्यानं वेगळी टिपणी जोडली: नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी बँकांच्या हातात पतपुरवठा आहे तोवर देशाचा कारभार धड चालणार नाही. दहा वर्षांनी त्यानं बँकांना हात घातला तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, तो खरं तर बसायला नको होता. त्यानं ते छापून ठेवलं होतं.

१९४० मध्ये तो परत निवडून आला, आणि ७ ऑक्टोबर १९४१ ला पंतप्रधान कर्टिनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाला. माझ्या मते चिफलीचं सगळ्यात मोठं काम इथलं आहे, आणि ते सगळ्यात रुक्षही आहे.

त्या वेळी आयकर दोघं घेत होते, राज्यं आणि संघ, म्हणजे केंद्र सरकार. सहा राज्यांचे सहा दर. कमी दराच्या राज्याला झेपेल तेवढाच संघाचा कर लावला तर युद्धाला पैसा पुरत नव्हता. वाढवला तर जास्त दराच्या राज्यातला माणूस दोन्हीकडून भरडला जाई. राज्यांनी आपणहून आयकर सोडावा म्हणून विनंती करून झाली, ती त्यांनी फेटाळली. मग १९४२ मध्ये एकदम चार कायदे आले. पहिल्यानं संघाचा दर इतका वर नेला की दोन्ही करांची मिळून होणारी रक्कम एकटा संघच गोळा करील. वरच्या टोकाला पौंडातले म्हणजे २० शिलिंगांतले १८ शिलिंग करात जात. दुसऱ्यानं राज्यांना भरपाई देऊ केली, १९३९-४० आणि १९४०-४१ मधल्या त्यांच्या वसुलीच्या सरासरीइतकी, पण राज्यानं स्वतःचा आयकर लावला नाही तरच. तिसऱ्यानं संघाचा कर आधी भरायचा, राज्याचा नंतर, असा क्रम लावला. चौथ्यानं राज्यांच्या करखात्यातली माणसं, कचेऱ्या, टेबलखुर्च्या आणि फायली युद्धकाळापुरत्या संघाकडे घेतल्या. व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया न्यायालयात गेले. हायकोर्टानं (नाव हायकोर्ट, पण देशातलं सगळ्यात वरचं न्यायालय तेच) २३ जुलै १९४२ ला चारही कायदे उचलून धरले. गंमत अशी की राज्यांचा कर लावायचा अधिकार कुणी काढून घेतलाच नव्हता. तो वापरणं परवडणार नाही एवढीच व्यवस्था केली होती. युद्धापुरती म्हणून आलेली ही सोय चिफलीनं १९४६ मध्ये कायमची केली.

दर ठरला, पण वसुलीचा घोळ राहिला. कर भरायचा तो आदल्या वर्षीच्या कमाईवर. युद्धात कारखान्यांत पहिल्यांदाच कामाला लागलेल्या बायका, ओव्हरटाइम करणारे कामगार हे सगळे आता कराच्या जाळ्यात आले होते. ओव्हरटाइम थांबला किंवा माणूस फौजेत भरती झाला की मिळकत घटे, आणि गेल्या वर्षीच्या भरल्या पगाराचा कर समोर उभा राही. १ जुलै १९४४ पासून ज्या वर्षीची कमाई त्याच वर्षी कर, तोही पगार देतानाच मालकानं कापायचा, असं ठरलं. मोठे मालक कापलेल्या रकमेचा दाखला वर्षअखेरीला देत. छोट्या दुकानदारांसाठी कराची तिकिटं होती, ती विकत घेऊन चिकटवायची. जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाताना एकाच वर्षात दोन वर्षांचा कर अंगावर आला असता, म्हणून मागच्या कराचा मोठा हिस्सा माफ केला. हे शेवटचं कलम विसरलं असतं तर सगळी योजना पहिल्याच पगाराला कोसळली असती. आज मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांत जी पगाराची स्लिप येते, तिच्यावर आयकराची एकच कपात असते आणि राज्याचा आयकर नसतो, ते १९४२ आणि १९४४ मधल्या या कामामुळे.

५ जुलै १९४५ ला कर्टिन गेला. आठवडाभर त्याचा उपनेता फोर्डनं गादी सांभाळली, मग पक्षानं चिफलीला निवडलं आणि १३ तारखेला तो पंतप्रधान झाला. अर्थखातं त्यानं सोडलं नाही. पंतप्रधान आणि अर्थमंत्री दोन्ही तोच. पंतप्रधानांच्या बंगल्यात तो राहायला गेला नाही. कॅनबेरातल्या हॉटेल करजाँगची २०५ नंबरची खोली त्याला पुरे होती. एलिझाबेथ बाथर्स्टच्या बझ्बी स्ट्रीटवरच्या घरीच असे. ते छोटं घर तिच्या माहेरच्यांकडून आलेलं होतं. याचं फार कौतुक होतं. होऊ दे. पण त्या खोलीपेक्षा तो काय करत होता ते जास्त बघण्यासारखं आहे.

राज्यघटना त्याच्या वाटेत सारखी आडवी येत होती, आणि दर वेळी तो कसा वागला यात त्याचा सगळा स्वभाव दिसतो. स्नोई पर्वतातलं पाणी वळवून वीज आणि सिंचन करायचं होतं, पण पाण्यावर संघाचा अधिकार नव्हता. मग १९४९ चा कायदा संरक्षणाच्या अधिकाराखाली केला, आणि १७ ऑक्टोबरला ॲडामिनाबीला पहिला सुरुंग उडाला. औषधं फुकट द्यायचा १९४४ चा कायदा न्यायालयानं रद्द केला, तर १९४६ मध्ये सार्वमत घेऊन घटनाच बदलली. त्या दुरुस्तीत मात्र विरोधकांच्या आग्रहानं एक शेपूट घुसलं: डॉक्टरांवर कुठल्याही प्रकारची सक्तीची चाकरी लादता येणार नाही. नव्या योजनेत डॉक्टरनं सरकारी छापील नमुन्यावरच औषध लिहून द्यायचं होतं. डॉक्टरांच्या संघटनेनं बहिष्कार टाकला, आणि १९४९ मध्ये हायकोर्टानं एवढीशी नमुन्याची सक्तीसुद्धा ‘चाकरी’ ठरवली. एका कागदावर योजना अडली. आज तिथल्या औषधाच्या दुकानात सरकारी सवलतीची औषधं मिळतात, ती या योजनेचीच पुढची आवृत्ती.

विमानांच्या बाबतीत तो सगळ्यात शहाण्यासारखा वागला. देशांतर्गत विमानसेवा पूर्ण सरकारी करायचा बेत होता. घटनेचं ९२ वं कलम म्हणतं की राज्याराज्यांमधला व्यापार आणि दळणवळण पूर्णपणे मुक्त राहील. त्यावर बोट ठेवून न्यायालयानं मक्तेदारी नाकारली, पण सरकारनं स्वतःची कंपनी काढायला हरकत नाही म्हटलं. सरकारनं काढली. ट्रान्स ऑस्ट्रेलिया एअरलाइन्सचं पहिलं विमान ९ सप्टेंबर १९४६ ला मेलबर्नहून सिडनीला उडालं, आणि दोन वर्षांत त्यांनी हवेचा दाब राखणारी कॉन्व्हेअर विमानं आणून खासगी कंपनीला घाम फोडला. १९४७ मध्ये परदेशी उड्डाणं करणारी क्वांटास पूर्ण सरकारी झाली.

मग हाच शहाणपणा बँकांबाबत कुठे गेला?

१९४५ च्या बँकिंग कायद्यात असं होतं की राज्यं आणि नगरपालिकांनी आपला व्यवहार सरकारी कॉमनवेल्थ बँकेतच ठेवायचा. मेलबर्न नगरपालिका न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट १९४७ ला हायकोर्टानं ते कलम उडवलं. कायद्याचा मोठा भाग तरीही शाबूत होता. पण चिफलीला वाटलं, आज हे कलम गेलं, उद्या बाकीचंही जाईल. तीनच दिवसांनी, शनिवारी, मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि वर्तमानपत्रांना एक निवेदन मिळालं: सगळ्या खासगी बँका सरकार ताब्यात घेणार. कारण नाही, स्पष्टीकरण नाही, ठेवीदारांना दिलासा नाही. जेमतेम चाळीस-बेचाळीस शब्द. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत याचा चकार शब्द निघाला नव्हता.

चूक हेतूत होती की नाही यावर वाद घालता येईल. कृतीत होती यावर घालता येणार नाही. बँकांच्या हजारो कारकुनांना वाटलं की उद्यापासून आपला एकच मालक असणार. तो नाराज झाला तर दुसऱ्या बँकेचं दार ठोठावायची सोय नाही. ही भीती चिफलीला कळायला हवी होती. १९१७ मध्ये एकुलत्या एका मालकाच्या मर्जीवर जगणं काय असतं हे त्यानं भोगलं होतं. त्या कारकुनांनी घरोघर जाऊन, निषेधाच्या अर्जांवर सह्या घेऊन दोन वर्षं जो प्रचार केला, तसा प्रचार विरोधी पक्षनेता मेन्झीजच्या पक्षाला पैसे देऊनही करून घेता आला नसता. कायदा नोव्हेंबर १९४७ मध्ये संमत झाला, ऑगस्ट १९४८ मध्ये हायकोर्टानं त्याच ९२ व्या कलमावर रद्द केला. अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, गेलं. तिथे सुनावणी इतकी लांबली की दरम्यान सातांपैकी दोन न्यायमूर्ती वारले. जुलै १९४९ मध्ये तेही अपील फेटाळलं गेलं. एकही बँक ताब्यात आली नाही आणि सगळा राग मात्र आला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो लंडनला राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांच्या परिषदेत होता. भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकतो, हा तोडगा तिथे निघाला. नेहरूंच्या बरोबर त्या टेबलाशी चिफलीही होता. इंडोनेशियावरच्या डच हल्ल्याचा प्रश्न १९४७ मध्ये सुरक्षा परिषदेत नेणारे देशही हे दोनच, भारत आणि ऑस्ट्रेलिया. आणि याच चिफलीच्या सरकारात इमिग्रेशनमंत्री कॅलवेल युद्धकाळात आसऱ्याला आलेल्या आशियाई माणसांना हाकलण्यासाठी कायदा करत होता. गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाला चिफलीनं हात लावला नाही. आशियातल्या देशांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा द्यायचा, तिथल्या माणसाला मात्र दारात उभं करायचं नाही, हे त्याला विसंगत वाटत नव्हतं. इथे त्याची बाजू घ्यावी असं काही मला सापडत नाही.

२७ जून १९४९ ला कोळसा खाणकामगारांनी संप पुकारला. मागण्या होत्या आठवड्याला ३५ तास काम, ३० शिलिंगांची वाढ आणि दीर्घ सेवेची रजा. ऐन हिवाळा होता, साठे संपलेले होते. सिडनीत वीज आणि गॅस तुटला, कारखाने बंद पडले, कामगारच कामगारामुळे बेकार झाले. संघटनेचं पुढारपण कम्युनिस्टांकडे होतं. संप हा मजूर सरकारलाच खाली खेचायचा डाव आहे अशी चिफलीची खात्री झाली. दोन दिवसांत कायदा झाला: संघटनांनी संपासाठी पैसा वापरायचा नाही. पैशाचा हिशेब न देणारे पुढारी तुरुंगात गेले. १ ऑगस्टला सैन्य आलं. त्यांना नेलं उघड्या खाणींवर, मसलब्रूक आणि बेन बुलनला, कारण जमिनीखाली कोळसा काढणं शिकाऊ माणसाचं काम नाही. वरून माती काढून यंत्रानं कोळसा भरणं सैनिकांना जमतं. १५ तारखेला संप मोडला. बेन बुलन लिथगोजवळ आहे, आणि लिथगो चिफलीच्याच मतदारसंघात होतं. ज्या घरांनी त्याला मतं दिली, त्यांच्याच वाटेवरून फौजी ट्रक गेले.

डिसेंबरच्या १० तारखेला तो हरला. बँका, कोळसा आणि वर पेट्रोलचं रेशनिंग. डॉलर वाचवायचे म्हणून ते त्यानं नोव्हेंबरात, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर, पुन्हा सुरू केलं. मेन्झीजनं ते उठवण्याचं आश्वासन दिलं. हिशेबाच्या दृष्टीनं चिफली बरोबर होता. पण युद्ध संपून चार वर्षं झाल्यावरही कूपन मोजत पेट्रोल घेणाऱ्या माणसाला डॉलरचा हिशेब सांगून उपयोग नसतो.

१३ जून १९५१ च्या रात्री संसद भवनात संघराज्याच्या पन्नाशीनिमित्त मोठा नाचाचा समारंभ होता. चिफली गेला नाही, हॉटेलच्या खोलीवरच राहिला. तिथे त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि इस्पितळात नेताना तो गेला. बातमी पोचली तेव्हा नवा पंतप्रधान मेन्झीजनं वाद्यं थांबवली आणि पाहुण्यांना घरी जायला सांगितलं.

मेन्झीजनं चिफलीचं बरंच काही तसंच चालू ठेवलं. एकछत्री आयकर ठेवला, स्नोई योजना पुढे नेली, सरकारी विमान कंपनीही विकली नाही. १९५९ च्या कायद्यानं कॉमनवेल्थ बँकेतून मध्यवर्ती बँकेचं काम वेगळं काढून रिझर्व्ह बँक केली. कॉमनवेल्थ बँक आणि क्वांटास विकायला काढल्या त्या नव्वदच्या दशकात, आणि त्या विक्रीची सुरुवात केली चिफलीच्याच मजूर पक्षाच्या सरकारनं.